कार्निव्हलवरील खटला

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास आमचे एक जुने स्नेही कॅनडांतील आपल्या मुलाकडून परत आले. गृहस्थ व्यासंगी, वृत्तीनें सौम्य आणि कोणाविषयीं सहसा वाईट न बोलणारे. परंतु टोरांटो शहरीं वेस्ट इंडीज बेटांतून आलेले लोक १९६७ पासून दर उन्हाळ्यांत जो कार्निव्हल भरवितात तो पाहून त्यांचें मन अगदीं विटून गेलें होतें. 'अंगावर चार पिसें, कानठळ्या बसविणारें संगीत आणि भर दुपारीं हमरस्त्यावर कंबर हलविणें! ह्याला हे लोक संस्कृति म्हणतात!' असें म्हणून त्यांनीं चहाचा पेला खालीं ठेविला. आम्हीं त्यांस लगेच उत्तर दिलें नाहीं. एक तर उत्तर आमच्यापाशीं तयार नव्हतें. दुसरें असें कीं, वीस वर्षांपूर्वीं आम्हींही हेंच म्हटलें असतें.

पुढें सुटींत आम्ही ह्या उत्सवाच्या इतिहासाच्या मागें लागलों. हा कार्निव्हल मूळचा त्रिनिदाद बेटाचा. तेथील जुनीं प्रकरणें चाळतांना आमच्या असें ध्यानांत आलें कीं, आमच्या स्नेह्यांनीं चहाच्या टेबलाशीं दिलेला निकाल मुळींच नवा नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं पोर्ट ऑफ स्पेनच्या प्रतिष्ठित वर्तमानपत्रांतून तो दरवर्षीं ठराविक दिवशीं छापून येत असे. आणि त्याची अंमलबजावणी कधीं पोलिसांच्या दंडुक्यानें, कधीं कायद्यानें आणि निदान एका प्रसंगीं बंदुकीनेंही झालेली आहे. त्या बंदुकीच्या गोळ्या आपल्या देशाच्या माणसांस लागल्या होत्या, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल. ज्या निकालाचा इतिहास असा आहे, तो पुन्हां देण्यापूर्वीं खटल्याचीं कागदपत्रें एकवार पाहावीं हें बरें.

त्रिनिदाद हें बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यास जवळजवळ लागून आहे. कोलंबसानें तें १४९८ सालीं पाहिलें, आणि पुढें सुमारें तीनशें वर्षें तें स्पेनच्या ताब्यांत होतें. पण वस्ती नाममात्र. १७८३ सालीं स्पेनच्या राजानें सनद काढून कॅथलिक धर्माच्या परदेशी लोकांस तेथें जमिनी देऊं केल्या. येणाऱ्यानें बरोबर जितके गुलाम आणावे त्या मानानें त्याची जमीन वाढे, अशी त्या सनदेंत सोय होती. तेव्हां आसपासच्या बेटांतून फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह तेथें लोटले. १७९७ मध्यें इंग्रजांनीं बेट घेतलें. म्हणजे कायदा स्पेनचा, भाषा फ्रेंचांची, निशाण इंग्रजांचें आणि घाम आफ्रिकेचा, असा हा संसार होता.

कार्निव्हल ह्या बेटांत आणला तो ह्या फ्रेंच मळेवाल्यांनीं. ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासास राखेच्या बुधवारीं आरंभ होतो. त्याच्या आधीं खाऊन, पिऊन, नाचून घ्यावयाचें ही युरोपांतील कॅथलिक देशांची जुनी चाल. आपल्या गोमंतकांतला 'इंत्रुज' हा त्याच पंचांगांतला, पोर्तुगीजांच्या वाटेनें आलेला. त्रिनिदादच्या फ्रेंच घराण्यांत नाताळपासून त्या बुधवारपर्यंत मेजवान्या, सोंगें आणि नाच चालत. गुलामांस त्यांत स्थान नव्हतें. धन्यानें खास बोलावलें तर करमणुकीपुरतें. मिश्र वर्णाच्या स्वतंत्र लोकांवरही नानाप्रकारचे निर्बंध होते. आतां आमच्या स्नेह्यांस आम्हांस विचारावयाचें आहे तें हें कीं, ह्या सभ्य मंडळीचें आवडतें सोंग कोणतें होतें, ठाऊक आहे? 'नेग्र जार्दँ', म्हणजे मळ्यावरचा हबशी गुलाम. धनी लोक तोंडास काळें फांसून गुलामाचा फाटका वेष करीत आणि त्यांच्या स्त्रिया मिश्रवर्णी बायकांचा. इतकेंच नव्हे, तर ते एक प्रसंगही वठवून दाखवीत. उंसाच्या शेतास आग लागली म्हणजे आसपासच्या मळ्यांवरचे गुलाम शिंगें फुंकून गोळा केले जात, आणि मशालींच्या उजेडांत, मुकादमाच्या चाबकाखालीं, रातोरात ती आग विझवून जळका ऊंस तोडून घाण्याकडे न्यावा लागे. ह्यास फ्रेंच बोलींत 'कान ब्रुले' म्हणजे जळका ऊंस असें म्हणत. दुसऱ्याच्या पाठीवरचा तो चाबूक हा ह्या मंडळीच्या विनोदाचा विषय होता. त्या काळीं कार्निव्हल हा अश्लील आहे असें कोणी म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

१ ऑगस्ट १८३४ रोजीं इंग्रजी साम्राज्यांत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली; 'उमेदवारी'च्या नांवाखालीं ती आणखी चार वर्षें चालली आणि १ ऑगस्ट १८३८ रोजीं खरी सुटका झाली. सुटलेल्या लोकांनीं रस्ता धरला तो मशाली घेऊन. 'कान ब्रुले' हा त्यांचा स्वतःचा प्रसंग होता, तो त्यांनीं परत घेतला. त्याचा उच्चार 'कॅनबुले' असा झाला. प्रथम तो ऑगस्टमध्यें, सुटकेच्या दिवशीं, करीत. पुढें तो कार्निव्हलच्या रविवारीं मध्यरात्रीं होऊं लागला आणि उत्सवाचा आरंभच त्यानें होऊं लागला. धनी पूर्वीं गुलामाचें सोंग घेत असे. आतां मोकळा झालेला गुलाम त्या सोंगाचें सोंग घेऊं लागला. तेव्हांपासून वरच्या वर्गाचीं माणसें रस्त्यावरून हळूहळू नाहींशीं झालीं, आणि कार्निव्हल बिघडला अशी ओरड सुरू झाली.

१८६० नंतरचा कार्निव्हल हा 'जॅमेट' लोकांचा कार्निव्हल म्हणून प्रसिद्ध आहे. हा शब्द फ्रेंचांतील व्यास ह्या अर्थाच्या शब्दाचा अपभ्रंश समजला जातो: प्रतिष्ठेची जी रेघ समाजाच्या मधून ओढलेली, तिच्या खालचे ते जॅमेट. हे लोक राहत पोर्ट ऑफ स्पेनमधील मोठ्या घरांच्या मागील आवारांत. एक लांब पडवी, तिच्या आडव्या भिंती घालून केलेल्या खोल्या, एकेका खोलींत एकेक कुटुंब, सर्वांस मिळून एक नळ आणि एक शौचकूप. मुंबईच्या चाळींची ज्यांस माहिती आहे त्यांस अधिक सांगणें नको. ह्या आवारांच्या टोळ्या असत. प्रत्येक टोळीचे लाठी खेळणारे असत, आणि त्या खेळास 'कॅलिंडा' म्हणत. लढतीच्या वेळीं ढोलाच्या तालावर आपल्या गड्याची स्तुति व दुसऱ्याची टवाळी करणारा एक गाणारा असे. त्याचें नांव शांतवेल. कॅलिप्सो म्हणून जें गीत पुढें जगभर गेलें त्याच्या पूर्वजांत हा शांतवेल प्रमुख होय.

ह्या कार्निव्हलमध्यें डोकीं फुटत. बाटल्या व दगड फेंकले जात. गाणीं पुष्कळदां अशीं असत कीं तीं येथें सांगतां यावयाचीं नाहींत. पुरुष बायकांच्या झोपण्याच्या झग्यांत फिरून ओंगळ हावभाव करीत. वर्तमानपत्रें लिहीत तें खोटें नव्हतें. पण तीं जें लिहीत नसत तें पाहिलें पाहिजे. कार्निव्हल दोन दिवसांचा, खोली वर्षाची. एका नळावर पंधरा कुटुंबें कां, हा नीतीचा प्रश्न आहे असें त्या संपादकांस वाटलेलें दिसत नाहीं. जेथें माणसाचा खासगी असा कोपराच नाहीं, तेथें त्याची प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर घडते, आणि मग चव्हाट्यावर घडली म्हणून ती असभ्य ठरते. आमच्या देशांतही हा न्याय परका नाहीं.

१८७७ सालीं कप्तान आर्थर बेकर नांवाचा एक करारी अधिकारी पोलिसांचा मुख्य झाला. १८८० च्या कार्निव्हलांत त्यानें अकस्मात् कॅनबुलेच्या टोळ्यांस गांठून मशाली, लाठ्या आणि ढोल खालीं ठेवावयास लाविले. लोक गोंधळून गेले आणि निमूटपणें त्यांनीं तें केलें. बेकरास वाटलें, झालें. पुढच्या वर्षीं २७ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीं तो पुन्हां आपले शिपाई घेऊन उभा राहिला. पण ह्या वेळीं एरवीं एकमेकांचीं डोकीं फोडणाऱ्या टोळ्या आपसांतलें वैर विसरून एक झाल्या होत्या. काळोखांत दगड, बाटल्या व लाठ्या चालल्या. सुमारें दीडशें शिपायांपैकीं अडतीस जखमी झाले.

दुसऱ्या दिवशींची गोष्ट आम्हांस अधिक विचार करण्यासारखी वाटते. गव्हर्नर सर सॅनफर्ड फ्रीलिंग हा स्वतः लोकांच्या जमावापुढें गेला. तुमचा उत्सव बंद करण्याचा सरकारचा हेतु नाहीं असें त्यानें सांगितलें, आणि पोलिसांस त्यांच्या बराकींत ठेवण्याचें वचन दिलें. उरलेला कार्निव्हल पार पडला. लोक ऐकून घेतात असें दिसलें, तें एवढ्यासाठीं कीं कोणी तरी त्यांच्याशीं बोलावयास आलें. पण प्रतिष्ठित मंडळीस गव्हर्नराचें हें करणें म्हणजे सरकारची नामुष्की वाटली. गंमत अशी कीं, जुन्या फ्रेंच घराण्यांतील कित्येक जण ह्या प्रसंगीं दंगेखोरांच्या बाजूचे होते! कार्निव्हल त्यांस आवडत होता म्हणून नव्हे. इंग्रज अधिकाऱ्यानें आपल्या जुन्या चालींत हात घालावा हें त्यांस खपत नव्हतें. सदभिरुचि आणि स्वार्थ हीं एकमेकांच्या किती शेजारीं राहतात ह्याचें हें एक उदाहरण.

१८८४ सालीं सरकारनें कायदा करून कॅनबुले बंद केला. मशालींची मिरवणूक नाहीं, ढोल नाहीं, दहा किंवा अधिक माणसांनीं लाठ्या घेऊन जमावयाचें नाहीं. त्या सालच्या कार्निव्हलांत दक्षिणेकडील प्रिन्सेस टाउन येथें दंगा होऊन गोळीबारही झाला. ह्याच सालाच्या अखेरीस हा इतिहास आपल्या दारापाशीं येतो.

गुलाम सुटल्यावर उंसाच्या मळ्यांस माणसें पाहिजे होतीं, तीं हिंदुस्थानांतून आणण्यांत आलीं. ३० मे १८४५ रोजीं 'फतेल रझाक' हें पहिलें जहाज त्रिनिदादला लागलें. १९१७ पर्यंत सुमारें एक लाख चव्वेचाळीस हजार माणसें करारानें बांधलीं जाऊन तेथें गेलीं, बहुतेक गंगेच्या खोऱ्यांतलीं. ह्या लोकांनीं बरोबर नेलेल्या गोष्टींत मोहरम हा एक होता. त्रिनिदादमध्यें त्यास 'होसे' म्हणतात. हुसेन ह्या नांवावरून हें उघड आहे. मळ्यामळ्यावर ताबूत बसत आणि शेवटच्या दिवशीं ढोलांच्या गजरांत ते समुद्राकडे नेत. ताबुतांत मुसलमानांपेक्षां हिंदूच अधिक असत. आफ्रिकी लोकही ढोल वाजवीत. पुण्याच्या जुन्या लोकांस ह्याचें नवल वाटणार नाहीं. १८९३ पूर्वीं पुण्याचे हिंदू ताबुतांत कसे नाचत हें आमच्या पणजोबांच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें होतें.

१८८४ सालीं, कॅनबुलेवर बंदी आल्यानंतर कांहीं महिन्यांतच, होसेच्या मिरवणुकींनीं शहरांत आणि मुख्य रस्त्यांवर येऊं नये असा हुकूम निघाला. फिलिपीन मळ्यावरील सुखू नांवाच्या एका हिंदूच्या पुढाकारानें लोकांनीं अर्ज केला. तो नामंजूर झाला. ३० ऑक्टोबर रोजीं ताबूत नेहमींप्रमाणें सॅन फर्नांडो शहराकडे निघाले. गांवाच्या वेशीवर दंग्याचा कायदा वाचण्यांत आला आणि बंदुका झाडण्यांत आल्या. सरकारी हिशेबाप्रमाणें सोळा माणसें मेलीं. जखमी शंभरांहून अधिक. दुसरे हिशेब मृतांचा आंकडा याहून मोठा देतात. चौकशीस जमेकाचा गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन आला. हा तोच नॉर्मन, जो १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यांत इंग्रज सैन्यांत होता. हिंदुस्थान ह्यास कळतो असें समजून त्यास बोलाविलें असावें. त्यानें गोळीबार योग्य ठरविला. त्याच्या अहवालाचा एक भाग असा कीं, ह्या उत्सवांत हिंदूच फार. तेव्हां हा धर्माचा सण राहिला नसून हिंदी लोकांचें एक दांडगें जातीय प्रदर्शन झालें आहे. म्हणजे उत्सव आपल्या पोथीप्रमाणें चालत नसेल तर तो उत्सवच नव्हे. आणि पोथी कोणती हें ठरविणार पाहुणा!

कॅनबुले आणि होसे ह्या दोहोंवर एकाच वर्षीं हात पडला हा योगायोग असें आम्हांस वाटत नाहीं. सरकारास भय लाठीचें होतें तितकेंच गर्दीचें होतें. आफ्रिकी ढोलाशेजारीं हिंदी ढोल वाजतो ह्याचें होतें. युरोपांतील कांहीं पंडित असें प्रतिपादन करितात कीं, राज्यकर्ते अशा उत्सवांत वर्षांतून दोन दिवस लगाम सैल सोडतात, म्हणजे उरलेले दिवस घोडें मुकाट्यानें चालतें. युरोपांत तें खरें असेल. त्रिनिदादमध्यें लगाम कोणी सैल सोडलेला दिसत नाहीं. तो दरवर्षीं हिसकून घ्यावा लागे.

ह्याच सुमारास, १८८७ च्या आरंभीं, इंग्लंडचा नामांकित इतिहासकार जेम्स अँथनी फ्रूड ह्यानें वेस्ट इंडीजचा प्रवास केला, आणि पुढच्या वर्षीं त्याचें पुस्तक निघालें. फ्रूडची इंग्रजी गद्यशैली अत्यंत मोहक आहे. आमच्या विद्यार्थिदशेंत कॉलेजच्या ग्रंथालयांतील जुन्या कपाटांतून तें पुस्तक काढून आम्हीं त्यांतील वाक्यांच्या वळणासाठीं वाचलें होतें, आणि वळणाबरोबर मतही गिळलें होतें. ह्या बेटांत स्वतःचें शील व हेतु असलेला असा लोकच नाहीं, हें त्या मताचें सार. पुढें त्रिनिदादचेंच सुपुत्र, हिंदी वंशाचे कादंबरीकार व्ही. एस्. नायपॉल ह्यांनीं १९६२ सालीं आपल्या प्रवासवर्णनाच्या आरंभीं फ्रूडचाच उतारा घातला. शैलीची मोहिनी किती दूर पोंचते पाहा.

पण फ्रूडास उत्तर त्याच वेळीं मिळालें होतें, आणि तें देणारा त्रिनिदादमधील एका खेड्यांतील शाळामास्तर होता. जॉन जेकब थॉमस हा सुटलेल्या गुलामांच्या पिढीनंतरचा, आफ्रिकी वंशाचा गृहस्थ. त्यानें १८६९ सालींच तेथील लोकांच्या फ्रेंच बोलीचें व्याकरण लिहून प्रसिद्ध केलें होतें. ह्या बोलीस व्याकरण असेल असें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. व्याकरण लिहिण्याचें एक कारण त्यानें सांगितलें आहे तें असें कीं, कोर्टांत दुभाष्यांस ही बोली नीट कळत नाहीं आणि त्यामुळें गरिबांवर अन्याय होतो. फ्रूडच्या पुस्तकावर त्यानें १८८९ सालीं लंडनांत टीकाग्रंथ छापला; फ्रूडच्या नांवास इंग्रजी प्रत्यय लावून त्यानें ग्रंथाचें जें नांव ठेविलें, त्याचा अर्थ फ्रूडपणा असा होतो. त्याच वर्षीं तो वारला. आम्हांस त्याचें व्याकरण त्याच्या टीकेपेक्षांही मोठें उत्तर वाटतें. ज्याची भाषा न्यायाधीशास येत नाहीं त्याचा गुन्हा शाबीत कसा होतो, हा प्रश्न त्यांत आहे; आणि सोंग, नाच, ढोल ह्यांचीही एक भाषाच असते.

ढोल बंद झाला तेव्हां लोकांनीं बांबूचे लांब-आंखूड तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. ह्यास 'तांबू-बांबू' म्हणतात. पुढें १९३० च्या सुमारास बिस्किटांचे डबे आणि कचऱ्याचे पत्र्याचे पिंप आले. मग कोणाच्या तरी ध्यानांत आलें कीं, ठोकून पत्र्याला पोंचे पाडले तर निरनिराळे स्वर निघतात. महायुद्धाच्या काळांत १९४२ पासून कार्निव्हल बंद होता. पण गल्ल्यांत ठोकाठोक चालूच होती, आणि १९४५ सालीं विजयाच्या दिवशीं लोक रस्त्यावर आले ते हें नवें वाद्य घेऊनच. तेलाच्या पिंपापासून केलेलें हें वाद्य म्हणजे 'स्टील पॅन'. तें वाजविणाऱ्या पोरांस कित्येक वर्षें गुंड समजत व घरांतून हांकून देत. १९५१ सालीं त्यांच्यांतील निवडक वादक लंडनच्या प्रदर्शनास गेले आणि युरोपनें टाळ्या वाजविल्या, तेव्हां घरच्या प्रतिष्ठितांसही तो नाद गोड लागला. १९९२ सालीं तें त्रिनिदादचें राष्ट्रीय वाद्य ठरलें. पॅनच्या वाद्यवृंदांची राष्ट्रीय स्पर्धा १९६३ पासून भरते. तींत 'रेनिगेड्स' वृंदास नऊ वेळां पहिलें बक्षीस मिळवून देणारा संगीतकार जित समरू हा हिंदी वंशाचा होता, हें येथेंच सांगून ठेवतों.

गाण्याचीही कथा अशीच. १९३४ सालच्या नाट्यगृहविषयक कायद्यानें कॅलिप्सो गाणारांस गाण्यांचे शब्द आधीं अधिकाऱ्यांस दाखविणें भाग पडूं लागलें. कारण अर्थात् नीतीचें. पण ह्या गाण्यांत गव्हर्नर, पोलिस, मळेवाले, संप ह्यांवर जें असे तें अधिक बोंचत होतें असें मानावयास जागा आहे. ज्यांस १८७६ चा आपल्याकडील नाट्यप्रयोगांचा कायदा व १९१० सालीं 'कीचकवधा'वर आलेली बंदी आठवते, त्यांस हा प्रकार नवा वाटूं नये. ज्या गवयांस हा जाच झाला त्यांपैकीं एक रेमंड केव्हेडो, टोपण नांव 'अटिला द हूण', १९४६ सालीं पोर्ट ऑफ स्पेनच्या नगरसभेंत आणि १९५० सालीं कायदेमंडळांत निवडून गेला. आणि 'लॉर्ड इन्व्हेडर' नांवाच्या गवयानें युद्धकाळांत अमेरिकन शिपायांच्या डॉलरांपायीं मायलेकी कशा बिघडतात ह्यावर जें तिखट गाणें केलें, तें अमेरिकेंतील लोकांनीं उचलून गोड केलें व लक्षावधि तबकड्या विकल्या! त्याबद्दल न्यूयॉर्कच्या कोर्टांत दावा लावावा लागला आणि १९४७ सालीं निकाल त्रिनिदादच्या बाजूनें झाला. असभ्य गाण्याचे पैसे असभ्य नव्हते.

आतां सोंगांकडे वळूं. आमच्या स्नेह्यांनीं पिसें पाहिलीं. जुनीं सोंगें त्यांनीं पाहिलीं असतीं तर बरें झालें असतें. 'पिएरो ग्रनाद' म्हणून एक सोंग आहे: चिंध्यांचा झगा घातलेला पंडित. कोणताही कठीण शब्द द्या, तो त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर एक गोष्ट रचतो, त्यांत गांवच्या बड्या लोकांच्या भानगडी गुंफतो, आणि शेवटीं सबंध शब्द जोडून दाखवितो. इंग्रजी शिकलेल्या विद्वत्तेची अशी टिंगल पाहून आमच्यासारख्या मास्तरानें ओशाळावें हेंच योग्य. 'मध्यरात्रींचा लुटारू' हा भली मोठी टोपी घालून रस्त्यांत वाटसरूस अडवितो व आपल्या पराक्रमाचें अवडंबर माजवून असें भाषण ठोकतो कीं, ऐकणारा हंसून पैसे देऊन मोकळा होतो. 'दाम लोरेन' हें सोंग फ्रेंच मळेवाल्यांच्या ऐटबाज बायकांचें. आणि एक सोंग 'बेबी डॉल'. मोठी टोपी व झालरीचा झगा घातलेली तरुणी कांखेंत एक बाहुली घेऊन गर्दींत फिरते. एखादा नीटनेटका गृहस्थ दिसला कीं त्यास थांबवून मोठ्यानें म्हणते, हें तुमचेंच मूल, ह्याच्या दुधाला पैसे द्या. लोक भोंवतीं जमतात. गृहस्थ तांबडालाल होतो. पैसे देतो व सटकतो.

हें सोंग आम्हांस ह्या सबंध प्रकरणांत सर्वांत महत्त्वाचें वाटतें. गुलामगिरींत आणि नंतरही मुलांचे बाप नाहींसे होणें ही ह्या समाजाची मोठी जखम होती. आणि नाहींशा होणाऱ्या बापांत प्रतिष्ठेच्या रेघेवरचे पुष्कळ असत. चर्चमध्यें, वर्तमानपत्रांत, कोर्टांत त्यांचें नांव कोणी घेत नसे. तें विचारलें जाई कार्निव्हलच्या रस्त्यावर, बाहुली हातांत धरून. म्हणजे ज्यास परका अनीतीचा बाजार म्हणतो तेथें एक न्यायासन भरत होतें; फक्त आरोपी कोण हें उलटलें होतें. आपल्या शिमग्याच्या बोंबेंतही गांवच्या सावकाराचें नांव निघतेंच. हें ज्यांच्या कानीं आहे त्यांनीं तरी हा अर्थ समजण्यास वेळ लावूं नये.

आतां आजच्या आरोपाकडे येऊं, कारण तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आज मिरवणुकींतल्या मेळ्यांत बायका पुरुषांहून अधिक असतात आणि त्यांचा पोशाख तोकडा असतो, हें खरें. मेळ्यांत शिरण्यास भारी पैसे पडतात, दोरखंड लावून पैसे भरणारांस इतरांपासून निराळें ठेवितात, दारू वाहते, सोंगांतील जुनी कल्पकता पिसांखालीं गुदमरते, हेंही खरें. पण हे आरोप प्रथम केले कोणीं? तेथल्याच लोकांनीं. पीटर मिनशॉल ह्या थोर कलावंतानें १९८३ सालीं 'नदी' नांवाचा मेळा काढला. त्यांत शुभ्र वस्त्रांतील एक धुणेवाली आणि तिच्यावर चालून येणारा यंत्रासारखा 'खेंकडा-मनुष्य' अशीं दोन भव्य सोंगें होतीं. खेंकड्याच्या डोक्यावरील पांढऱ्या रेशमावर रक्तासारखा रंग पसरत जाई. लोभानें नदी नासते ही कथा शेंकडों माणसांनीं रस्त्यावरून चालून सांगितली. पिसांच्या धंद्यावर ह्याहून कडक टीका कोणत्या परक्यानें केली आहे? कवि डेरेक वॉलकॉट ह्यांनींही सरकारी पैशानें पोसलेल्या लोककलेवर कठोर लिहिलें. घरच्या माणसाचा राग आणि पाहुण्याचा तिटकारा ह्यांत फरक आहे. घरचा माणूस काय गमावलें हें जाणतो.

स्त्रियांविषयीं एक गोष्ट. प्रतिष्ठित घरच्या बायका दीर्घकाळ गॅलरींतून कार्निव्हल पाहत. रस्त्यावर असत त्या जॅमेट बायका, आणि त्यांस कोर्टांत उभें करीत. टोबॅगो बेटांतील एका मुलीनें, ती पुढें 'कॅलिप्सो रोझ' म्हणून प्रसिद्ध झाली, पुरुषांच्या ह्या क्षेत्रांत शिरून १९७८ सालीं पहिलें पद मिळविलें. तोंवर त्या पदवीचें नांवच 'कॅलिप्सोचा राजा' असें होतें, तें तिच्यामुळें बदलावें लागलें. आज भर रस्त्यांत नाचणाऱ्या बाईचा पोशाख मोजणाऱ्यानें, तिच्या आजीला त्या रस्त्यावर काय किंमत पडत होती हेंही मोजावें.

आणि आमचें, म्हणजे हिंदी लोकांचें काय? त्रिनिदादांतील आमच्या बांधवांतही लग्नाच्या आधीं 'माटीकोर' होतो: माती खणून आणावयाची, आणि रात्रीं केवळ बायकांनीं जमून चावट गाणीं म्हणत नाचावयाचें. पुरुषांस मज्जाव. ह्या गाण्यांतून 'चटणी' नांवाचा गीतप्रकार वाढला. १९८७ सालीं द्रौपती रामगुनाई ह्या तरुणीनें चटणी आणि कार्निव्हलचें 'सोका' संगीत ह्यांचा मिलाफ करून सर्वांपुढें गाइलें. त्याबरोबर हिंदू पुढाऱ्यांनीं व वर्तमानपत्रांत लिहिणाऱ्यांनीं तिच्यावर झोड उठविली: हिंदु स्त्रीची अब्रू गेली! शंभर वर्षांपूर्वीं ताबुतांबद्दल नॉर्मनसाहेबानें जी भाषा वापरली, तिच्याच घरची ही भाषा. आश्चर्य एवढेंच कीं ह्या वेळीं ती ज्यांच्या तोंडीं होती त्यांचे पूर्वज सॅन फर्नांडोच्या वेशीवर उभे होते.

त्याच बेटांत फेलिसिटी नांवाचें एक हिंदी वस्तीचें गांव आहे. वॉलकॉट ह्यांनीं १९९२ सालीं नोबेल पारितोषिक घेतांना जें व्याख्यान दिलें त्याचा आरंभ तेथल्या रामलीलेच्या वर्णनानें होतो. बांबूचा रावण, शेतांत धावणारीं मुलें. आपण प्रथम तें नाटक समजून पाहिलें. करणाऱ्यांस तें नाटक नव्हतें, श्रद्धा होती, हें उशिरानें ध्यानांत आलें, असें त्यांनीं मोकळेपणें कबूल केलें. त्या बेटांवर जन्म काढलेल्या कवीस शेजाऱ्याच्या उत्सवाविषयीं असें म्हणावें लागलें.

हीं टांचणें आम्हीं स्नेह्यांस वाचून दाखविलीं. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलीं, आणि 'तरी तो आवाज फार मोठा होता हो!' एवढेंच म्हणाले. तें आम्हांसही मान्य आहे. जातां जातां त्यांनीं त्या कप्तान बेकराचें पुढें काय झालें असें विचारलें. बेकर पोर्ट ऑफ स्पेनमध्यें अजून आहे. कार्निव्हलच्या आधींच्या शुक्रवारीं, पहांटेच्या काळोखांत, पिकाडिली ग्रीन्स ह्या मैदानावर हजारों लोक जमतात, आणि १८८१ ची ती रात्र पुन्हां वठविली जाते. मशाली येतात, लाठीवाले येतात, शांतवेल गातो. कोणी तरी एक नट गणवेष घालून बेकर होतो, आणि उजाडण्याच्या सुमारास दरवर्षीं हरतो.